हत्तीडोहाचा गारवा

कागद ओला झाला होता आणि खोलीत पाणी कुठेच नव्हते. उद्धवरावांनी आधी छताकडे पाहिले, मग कपाळाला हात लावला. घाम टपकला असेल ही शक्यता त्यांनी रीतसर तपासली आणि बाद केली. डाग जुन्या रुपयाएवढा होता, आणि घामाचा थेंब एवढा पसरत नाही. एप्रिल संपत आला होता, दुपारचे दोन वाजले होते. वसमत रस्त्यालगतच्या त्या कॉलनीत या वेळी कुत्रीसुद्धा नळाच्या ओट्याआड जाऊन पडत, आणि खिडकीच्या गजाला हात लावला तर चटका बसे. अशा कडकडीत दुपारी एखादा कागद आपण होऊन ओला होतो, ही गोष्ट त्यांच्यासारख्या माणसाला पटणारी नव्हती. कागद म्हणजे त्यांच्या ग्रंथाची, छापखान्यातून तपासायला आलेली मुद्रिते होती. गोदावरी आणि पूर्णा यांच्या खोऱ्यांतील जुन्या गाळथरांवरचा, चाळीस वर्षांच्या पायपिटीतून उभा राहिलेला ग्रंथ. आणि पंख्याच्या वाऱ्याने पाने उडू नयेत म्हणून सकाळी त्यांनी त्यांवर एक शिंपला ठेवला होता.

शिंपला घरात आला तो शेजारच्या बांधकामावरून. पहाटे तिथे हायवा ट्रकने वाळू ओतली होती. फिरून परतताना उद्धवराव वाळूच्या ढिगापाशी थांबले नाहीत असा दिवस विरळा. लोक वर्तमानपत्र चाळतात तसे ते चाळणीवर उरलेले खडे चाळत. कुठे लालसर अकीक, कुठे दुधी गारगोटी, कुठे काळ्या कातळाचा घासून गुळगुळीत झालेला तुकडा. कुठली वाळू कुठल्या नदीची, हे ते खड्यांवरून सांगत; आजची पूर्णा नदीच्या हत्तीडोहाकडची होती. गवंडी सिताराम याला ही करमणूक वाटे. "घ्या सर, तुमच्या वळखीचं कुनी आलंय बगा," असे म्हणून त्याने आज चाळणीतला तो शिंपला त्यांच्या हातावर ठेवला होता. दोन्ही दले मिटलेली, हाताच्या तळव्याएवढा, काळपट हिरवा. अपेक्षेपेक्षा जड होता. त्या वजनाची नोंद उद्धवरावांनी मनात घेतली आणि त्याचे कारणही तिथल्या तिथे दिले: आत गाळ भरून घट्ट झाला असणार. जीवाश्मांत असे होतेच. कारण सापडले की त्यांचे मन शांत होई. कारण खरे आहे की नाही, याची चौकशी ते इतरांच्या बाबतीत फार कसोशीने करत.

आता ते खुर्ची मागे सारून शिंपल्यावर वाकले. दोन दलांच्या मधे सुताएवढी फट होती. तिच्या आत काहीतरी फिकट, ओलसर, जिभेच्या कडेसारखे दिसत होते. त्यांच्या हाताची सावली त्यावर पडली मात्र, आणि फट मिटली. आवाज झाला नाही. पण उद्धवरावांना तो ऐकू आला. जीवाश्म दार लावून घेत नाही.

डाग नेमका त्या वाक्यावर पडला होता असे नव्हे. तसे रचलेल्या गोष्टींत होते. डाग दोन ओळी खाली होता. परंतु ओल चढत चढत वर निघाली होती, आणि ती तिथे पोचायच्या आधी उद्धवरावांची नजर पोचली. "हत्तीडोह येथील शिंपले हे प्राचीन गोटेथरातील जीवाश्म असून सद्यकालीन जीवसृष्टीशी त्यांचा संबंध नाही." हे वाक्य त्यांनी सोळा वर्षांपूर्वी एका अहवालात प्रथम लिहिले होते. त्याचा तोल त्यांना तेव्हाही आवडला होता. 'असून'पाशी वाक्य क्षणभर श्वास घेते, आणि मग ठामपणे खाली उतरते. ते त्यांना इतके आवडले होते की ग्रंथात त्यांनी ते जसेच्या तसे घेतले.

हत्तीडोह पूर्णा गावाच्या पुढे, नदीच्या एका वळणावर आहे. लोकांनी ते नाव कधी दिले कोण जाणे. पण त्या काठातून हत्तीच्या पूर्वजाची दाढ उद्धवरावांनी स्वतःच्या हाताने काढली होती, आणि त्या दिवशी गावाच्या स्मरणशक्तीपुढे त्यांनी मनोमन टोपी काढली होती. त्या वळणाचा इतिहास त्यांना घरच्या वंशावळीसारखा पाठ होता. फार पूर्वी, माणूस इथे दगडाला दगड घासत होता त्याही आधी, नदी आजच्यापेक्षा कितीतरी दांडगी होती. ती डोंगरांतून गोटे लोटत आणी. वळणाच्या वरच्या अंगाला काळ्या कातळाची एक आडवी भिंत पात्रातून गेली आहे. तापलेला रस भेगेत शिरून थिजलेला, आजूबाजूच्या दगडापेक्षा कठीण. नदीने सगळे कुरतडले, ती भिंत काही कुरतडली नाही. तिच्यापाशी पाण्याचा जोर मोडायचा, आणि गोटे खाली बसायचे. मग पावसाने पाठ फिरवलेली शतके आली. जमिनीतला चुना वर येऊन त्या गोट्यांना जागोजागी चिकटला, आणि थर असा बांधला गेला की पुढच्या हजारो पुरांना तो उचलता आला नाही. नदी बारीक झाली, गोटे राहिले. लाखाच्या घरातल्या वर्षांचे ते काम होते. त्यावर उद्धवराव तासभर बोलू शकत, आणि बोलत.

फक्त त्या गोट्यांत आज कोण राहते, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही. तो धम्मशीलेला पडला. त्यांच्या हाताखाली ती संशोधन करत होती; हत्तीडोहाच्या काठच्या वस्तीतली, पूर्णेच्या शाळेत शिकलेली, घरातली पहिलीच पदवीधर. तिने तिसऱ्या प्रकरणात लिहिले होते की तो थर हलत नाही म्हणूनच शिंपले तिथे पाय रोवू शकतात. इतरत्र पूर वाळूसकट त्यांना घेऊन जातो. उन्हाळ्यात पात्र आटले तरी गोट्यांच्या फटींतून जमिनीतले पाणी झिरपत राहते, शिंपले खाली उतरून त्या गारव्यात दिवस काढतात. कवचाला लागणारा चुना तोच जुना चुना. भिंतीखालच्या डोहात मासे थांबतात, आणि शिंपल्याची पिले काही दिवस माशांच्या कल्ल्यांना धरून राहतात, तेव्हा डोह गेला तर पिलेही जातील. सगळ्याच्या शेवटी तिने एक वाक्य लिहिले होते: "गोटे जुने आहेत, शिंपले आजचे आहेत." उद्धवरावांनी त्यावर लाल शाईने रेघ मारली होती आणि समासात लिहिले होते, "हे शास्त्रीय गद्य नव्हे." तिने पुराव्यादाखल आईचे म्हणणे दिले होते; त्याच्यापुढे त्यांनी एकच शब्द लिहिला होता: "ऐकीव."

त्यांनी सगळ्यांचीच भाषा तपासली, हे ते स्वतःला नेहमी सांगत. पाटलाच्या मुलाची, वकिलाच्या मुलीची, धम्मशीलेची. लाल शाई कुणाची जात विचारत नव्हती. हा युक्तिवाद इतका सुबक होता की त्याच्या आत काय भरले आहे हे त्यांनी कधी उघडून पाहिले नव्हते.

त्याच, सोळा वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात वाळूघाटाच्या लिलावाआधी पाहणी झाली, आणि तज्ज्ञ म्हणून त्यांना बोलावणे आले. प्रश्न दोनच होते. वळणात काही मोलाचे जिवंत आहे काय? आणि उपसले ते पुन्हा भरते काय? मे महिना होता. पात्र कोरडे ठणठणीत. दोन अधिकारी छत्रीखाली, आणि उद्धवराव इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात. वर गोट्यांवर पांढरी पडलेली, फुटकी कवचे विखुरलेली होती, आणि काठाच्या कड्यात तशीच कवचे चुन्यात रुतून बसलेली होती. एवढे साम्य त्यांना पुरले. तेवढ्यात धम्मशीलेची आई, गीताबाई, पदर खोचून खाली आली होती. उन्हाळ्याच्या तोंडी ती कैऱ्या सोलायच्या शिंपा घासून पूर्णेच्या बाजारात विकायची. त्या वळणातला गोटा न् गोटा तिच्या ओळखीचा. "उन्हाळ्यात खाली जातेत साहेब ते," ती म्हणाली होती. "हितं हात घाला. कोपरापस्तोर घाला. गारीगार लागंल, मंग बोटाला लागतेत." एक अधिकारी हसला होता. उद्धवरावांनी बाहीकडे पाहिले होते, खालच्या काळ्या चिखलाकडे पाहिले होते, आणि म्हटले होते, "गरज नाही बाई. हे जुने आहेत." नंतर दुसऱ्या प्रश्नाचेही उत्तर त्यांनी लिहिले, की दर पावसाळ्यात नदी भर घालते. ते तर त्यांना खोटे आहे हे माहीत असायला हवे होते. येलदरीच्या धरणाने नदीचे दात केव्हाच काढले होते. वरून आता गोटा येत नाही, येतो तो निव्वळ गाळ. पण अहवालाच्या ओघात ते वाक्य असे सहज आले की त्यांनी त्याला अडवले नाही.

कुणी त्यांना काही दिले नव्हते. दिले असते तर निदान कशासाठी केले, हे सांगता आले असते.

"काय झालं? असं का उभारलाव?" पत्नीचा, अंबिकाबाईंचा, आवाज आला. उद्धवराव स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. हातात शिंपला, आणि तो ते दोन्ही हातांनी, भरलेली वाटी धरावी तसे धरून होते. अंबिकाबाई खाली बसून कैऱ्या सोलत होत्या. हिरव्या सालीच्या लांब लांब फिती परातीत पडत होत्या. त्यांच्या बोटांत एक शिंप होती, मधे भोक पाडलेली. भोकाच्या कडेने साल सुटत होती.

"ही शिंप कुठली?" त्यांनी विचारले.

"आता बया! सोळा वर्षं झाली या घरात. धम्मशीलेनं दिलेली. तिच्या आईनं दगडावर घासून धाडली होती, आठवतं का? तुमाला काय आठवायलं म्हना. तवापासून एक डाव धार लावली न्हाई मी."

उद्धवराव तिथेच पाटावर बसले. गीताबाई त्या दिवशी आणखी एक गोष्ट बोलली होती. अधिकारी गाडीकडे वळले होते, आणि ती एकट्या त्यांच्यामागे चालत आली होती. "साहेब, मेलेली शिंप पांढरी पडती. घासाया घेतली की भुगा व्हतो तिचा. जिती काढली तरच धार धरती. आमी धारंच्या इकतो ना, का भुगा इकतो?" एवढा नेटका युक्तिवाद त्यांच्या वर्गात कुणी केला असता तर त्यांनी फळ्यावर लिहून ठेवला असता. त्यांनी मान हलवली होती आणि गाडीत बसले होते. आणि तो पुरावा सोळा उन्हाळे त्यांच्या स्वतःच्या घरात कैऱ्या सोलत होता. त्या पन्ह्याचे पेले त्यांनी मेजावर बसून, नेमके तेच प्रकरण लिहिता लिहिता, रिकामे केले होते.

"धम्मशीलेचा पत्ता काढायला पाहिजे," ते म्हणाले.

"पत्ता कशाला? नंबर हाय माझ्याकडं. शाळेवर हाय ती पूर्णेला, विज्ञान शिकवते. दोनदा घरी येऊन गेली, तुमी नसताना."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तुमी कधी विचारलं न्हाई," अंबिकाबाई म्हणाल्या आणि दुसरी कैरी उचलली.

फोन धम्मशीलेने उचलला. उद्धवरावांनी हकिकत क्रमवार सांगितली: वाळू, वजन, डाग, फट, सावली. मग तिने विचारले, "आत्ता कशात ठेवलाय, सर?" त्यांनी सांगितले, पातेल्यात, पाण्यात. "नळाच्या? काढा बाहेर आधी. औषध असतं त्यात. ओल्या गोणपाटात गुंडाळा आणि सावलीत ठेवा, रात्रभर तग धरतो तो. सकाळच्या पॅसेंजरनं या. मी ठेसनावर थांबते." तिच्या बोलण्यात राग असता तर त्यांना बरे वाटले असते. एखाद्या विद्यार्थ्याने बेडूक पकडून आणला असता तरी ती याच सुरात बोलली असती.

सकाळच्या गाडीत उद्धवराव खिडकीशी बसले, मांडीवर ओले गोणपाट. त्याची ओल धोतरातून मांडीला लागत होती, आणि त्यांना वाटत होते की एवढे गार काही आपण वर्षानुवर्षे हातात धरलेले नाही. दोन्ही बाजूंना काळी जमीन उन्हात भेगाळून पडली होती. हिच्याखाली काय काय आहे हे त्यांना हातावरच्या रेषांसारखे ठाऊक होते. पण आज त्यांच्या ज्ञानाला कुठेतरी दार कमी पडत होते. ते फक्त खाली उतरत होते, वर येत नव्हते. मृतांच्या बाबतीत त्यांचा कान किती तीक्ष्ण! एक दाढ हातात घेऊन ते सांगत, हा प्राणी म्हातारा होता, गवत खरखरीत खात होता, शेवटचा उन्हाळा त्याला कठीण गेला. आणि जिवंत बाई कोपरापर्यंत हात घाला म्हणाली, तर ते त्यांना ऐकीव वाटले.

स्टेशनाबाहेर धम्मशीला स्कूटी लावून उभी होती. केसांत पांढरे आले होते. नमस्कार केला न केला, आणि गोणपाट उघडून तिने शिंपला उन्हाकडे तिरपा धरला. मग नखाने त्याच्या पाठीवरच्या काळसर रेघा मोजू लागली. दर उन्हाळ्याला वाढ थांबते आणि एक रेघ उमटते, हे तिच्या तिसऱ्या प्रकरणात होते. उद्धवरावांना पान आठवत होते. ती मोजत असताना ते श्वास धरून उभे राहिले, कारण मोजणी कुठे जाते आहे हे त्यांच्या ध्यानात आले होते.

"एकोणीस," ती म्हणाली. "एखादं वर्ष इकडं-तिकडं." थांबून म्हणाली, "अहवालाच्या दिवशी हा तिथंच होता, सर. तीन वर्षांचा. तुम्ही उभे होता त्याच्या खालीच कुठंतरी."

उद्धवरावांनी मनात हिशेब केला. तीन वर्षांचा, म्हणजे बोटाच्या पेराएवढा असेल.

"आणि धाकटा एकही सापडत न्हाई आता," ती स्कूटी सुरू करताना म्हणाली. "आठ वर्षं झाली बघायलेय मी. म्हातारेच सापडतात. बसा, गच्च धरा."

हत्तीडोहापाशी ते पोचले तेव्हा ऊन चढू लागले होते. वळण आहे असे म्हणण्यासारखे काही उरले नव्हते. जिथे गोट्यांचा थर होता तिथे यंत्रांनी खणलेले खड्डे होते, आणि त्यांत हिरवे, कढत पाणी साचले होते. एका खड्ड्याच्या कडेला दोन म्हशी बसल्या होत्या. कड्यातून तोडलेली चुन्याची ढेकळे इकडे तिकडे पडली होती. त्यातल्या एकात एक पांढरे कवच रुतलेले दिसले, खरोखरीचे जुने, आणि उद्धवरावांनी सवयीने पाऊल थांबवले. मग ते तसेच पुढे गेले. कातळाची भिंत तेवढी शाबूत होती. तिच्या पोटाशी, जिथे यंत्राचा दात वळू शकत नव्हता, दोन खोल्यांएवढा कोपरा शिल्लक होता. तिथे गोटे होते आणि गोट्यांवर बोटभर पाणी हळू सरकत होते. गीताबाई त्या कोपऱ्यात, पाण्यात पाय सोडून बसली होती. पार वाळून गेली होती, पण तिने त्यांना लांबूनच ओळखले.

"आला का साहेब?" ती म्हणाली. "आवंदा सदरा मळंल बगा तुमचा."

"मळू द्या," उद्धवराव म्हणाले.

"मळू द्या म्हने! शीले, ऐकलीस का? सोळा वर्षं लागली साहेबाला सदरा मळवाया."

"आई, गप्प बस ना," धम्मशीला म्हणाली. पण हसू तिच्याही ओठांवर येऊन गेले होते. मग तिने सांगितले ते असे: हा कोपराही यंदाच्या लिलावाच्या यादीत आला होता. भिंत फोडून तो उपसायचा, असा प्रस्ताव होता. हरकती घ्यायची मुदत परवा संपत होती. तिने हरकत दिली होती, फोटो जोडले होते. उत्तर आले की तज्ज्ञांचा अहवाल दप्तरी आहे आणि त्यात शिंपले जीवाश्म म्हटले आहेत. "माझ्या शंभर कागदांपेक्षा तुमचं एक वाक्य जड भरतं, सर. ते परत घ्या. नुसतं तेवढंच."

"ग्रंथातही आहे ते," उद्धवराव म्हणाले. का म्हणाले ते त्यांना कळले नाही. बहुधा सगळे एकदम सांगून टाकावे असे वाटले असेल.

"तुम्ही माझी भाषा सुधारली," धम्मशीला पाण्याकडे बघत म्हणाली. "खरं सांगते, सर, आज मुलांना शिकवताना तुमचंच शिकवते, की कर्ता कुठं, क्रियापद कुठं. पण आई काय म्हणते ते एकदा तपासायला पाहिजे होतं. मी संशोधन सोडून गेले ते लाल शाईमुळं नव्हे. 'ऐकीव' म्हटलं, त्यामुळं."

तिने वही पुढे केली. उद्धवराव कातळावर बसले आणि त्यांनी लिहायला घेतले: "सोळा वर्षांपूर्वी सादर केलेल्या अहवालातील एका विधानाच्या संदर्भात, तत्कालीन उपलब्ध पुराव्यांच्या स्वाभाविक मर्यादा विचारात घेता..." इथे ते थांबले. वाक्य चांगले चालले होते. ते असेच पानभर चालले असते, आणि शेवटाला पोचेपर्यंत अपराध कुणाचा हे कुणाच्याही लक्षात राहिले नसते. स्वतःच्या गद्याची ही करामत त्यांनी पहिल्यांदाच बाहेर उभे राहून पाहिली. कर्ता कुठे होता त्यात? त्यांनी ते सबंध खोडले, आणि खाली लिहिले: "हत्तीडोहातील शिंपल्यांना मी जीवाश्म म्हटले. ते चुकीचे होते. ते जिवंत आहेत, हे श्रीमती गीताबाई यांनी मला तेव्हाच जागेवर सांगितले होते आणि हात घालून पाहायला सांगितले होते. मी हात घातला नाही. उपसलेला थर नदी पुन्हा भरते, हेही मी लिहिले. धरणानंतर ती भरत नाही, हे मला ठाऊक असायला हवे होते. गोटे जुने आहेत, शिंपले आजचे आहेत. हे शेवटचे वाक्य माझे नाही, धम्मशीला यांचे आहे. मी ते खोडले होते." खाली सही केली, तारीख घातली.

धम्मशीलेने दोनदा वाचले. "'हात घातला नाही' हे राहू द्यायचं?"

"राहू दे."

तिने वही पिशवीत ठेवली. आभार मानले नाहीत, आणि ते योग्यच होते.

मग गीताबाईने जागा दाखवली. "हितं. कोपरापस्तोर."

उद्धवरावांनी बाही दुमडली नाही. त्यांनी गोट्यांमधून हात खाली घातला. वरचे पाणी कोमट होते; वीतभर खाली बोटे गेली आणि ते दचकले. गारवा होता, आणि तो नुसता साचलेला नव्हता. फटीफटींतून पुढे चालला होता, बोटांना ढोसत होता. लाखभर वर्षांपूर्वी दांडग्या नदीने इथे गोटे टाकले, चुन्याने ते धरून ठेवले, भिंतीने पूर अडवला, हे सगळे त्यांनी लिहिले होते, नकाशे काढले होते. त्या साऱ्याचा अर्थ एवढाच होता, हाताला लागेल एवढा. डोळ्यांत पाणी आले ते त्यांनी उन्हावर ढकलले. मग शिंपला घेऊन, गीताबाईने सांगितला तसा, अर्धा गोट्यांत रोवून उभा ठेवला.

ते पाहत बसले. शिंपला मिटलेलाच होता. पाच मिनिटे झाली, दहा झाली. एवढा प्रवास, रात्रभर गोणपाट, त्याआधी हायवा, चाळणी, मेज, नळाचे पाणी. मेला असेल काय? उद्धवराव आणखी वाकले. त्यांना ती फट पुन्हा दिसायला हवी होती. ती दिसली म्हणजे काहीतरी निकालात निघेल असे वाटत होते.

"उठा तुमी आता," गीताबाई म्हणाली.

"उघडला म्हणजे उठतो."

"सावली पडलीय की तुमची त्याच्यावर. तुमी हाव तवर त्यो उघडायचा न्हाई. उठा."

ते उठले. गुडघे वाजले. काठ चढताना मागे वळून पाहण्याचा मोह त्यांनी दोनदा आवरला, तिसऱ्यांदा आवरला नाही. पण पाण्यावर ऊन इतके चमकत होते की काही दिसले नाही. "उद्या शाळेआधी येऊन बघते मी," धम्मशीला म्हणाली. "कळवते, सर."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मेजाशी बसले होते. डाग वाळला होता. कागद तिथे थोडा फुगलेला, कडेने पिवळसर. त्या पानावरचे वाक्य त्यांनी काढले होते, आणि त्याच्या जागी काय घालायचे ते अजून ठरत नव्हते. सव्वासातला फोन वाजला.

"जागेवर न्हाई तो, सर," धम्मशीला म्हणाली. मागे पाण्याचा आवाज येत होता. "गोट्यांच्या मधल्या वाळूत रेघ उमटलीय, वीतभर. भिंतीकडं गेलीय आणि तिथं खाली उतरलीय. कवचाबाहेर पाय काढला त्यानं."

उद्धवरावांच्या तोंडाशी प्रश्न दाटले. रेघ किती रुंद? काठीची नसेल कशावरून, म्हशीच्या शेपटीची, खेकड्याची? हात घालून पाहिलेस काय? फोटो? तिथे एखादा धाकटा होता का, की म्हातारेच? सगळे प्रश्न रास्त होते, आणि शेवटच्याचे उत्तर त्यांना ठाऊक होते. मेजावर तांबडी लेखणी होती. तिचे टोपण त्यांनी लावले. पलीकडे ती थांबली होती. सर आता काय विचारणार, याची तिला सवय होती.

"बरं," उद्धवराव म्हणाले. "तू सांगतेस ना. बरं."